कीटकाचा डोळा आणि चित्रांतील खोली

पाऊस ओसरला म्हणजे रत्नागिरीच्या भातखाचरांवर चतुर घिरट्या घालूं लागतात. मागून हळूच हात नेला तरी चतुर निसटतो, हें मुलांस ठाऊकच आहे. त्याच्या एकेका टपोऱ्या डोळ्यांत हजारों सूक्ष्म भिंगें असून प्रत्येक भिंग निराळ्या दिशेस रोखलेलें असतें. अशाच भिंगांच्या दाट मांडणीनें मोबाईलच्या सपाट पडद्यावर चष्म्याविना खोली कशी दाखवितां येते, तें आम्ही येथें सांगणार आहों.

नाकासमोर बोट धरून एकेक डोळा पाळीपाळीनें मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखें दिसेल. दोन डोळ्यांस दोन किंचित् निराळीं चित्रें मिळतात, व त्यांच्या मेळांतून मेंदू अंतर जाणतो. सपाट चित्र मात्र दोन्ही डोळ्यांस सारखेंच दिसतें. म्हणूनच १९८४ सालच्या 'माय डियर कुट्टिचातन' या मल्याळी त्रिमिति चित्रपटाच्या प्रेक्षकांस चष्मा लावावा लागे. तो प्रत्येक डोळ्यास त्याचें त्याचें चित्र पोंचवी.

चष्मा टाळण्याची युक्ति फ्रेंच शास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमान यांनीं १९०८ सालींच सुचविली होती. माशीच्या डोळ्याप्रमाणें बारीक भिंगांचा पट चित्रावर बसवावा, ही ती कल्पना. पडद्यावरील चित्र प्रकाशबिंदूंचें बनलेलें असतें. एका भिंगामागें अनेक बिंदु ठेवले, तर भिंग एका बिंदूचा प्रकाश उजव्या डोळ्याकडे व शेजारच्याचा डाव्याकडे वळवितें. मान हलविली कीं तिसऱ्याच बिंदूचा प्रकाश डोळ्यांत येतो, आणि वस्तूची दुसरी बाजू दिसूं लागते. कलतें करतांच बदलणारीं जत्रेंतील चित्रें याच तत्त्वाचीं. त्यांवर भिंगांऐवजीं भिंगासारख्या रेघा असतात.

परंतु ही सोय फुकट मिळत नाहीं. पडद्यावर ९,००,००० बिंदु असले व प्रत्येक भिंगामागें ९ दिशांसाठीं ९ बिंदु खर्चिले, तर प्रत्येक दिशेच्या चित्रास १,००,००० बिंदूच उरतात. खोली वाढते, रेखीवपणा घटतो. चतुरासही असाच व्यवहार करावा लागला आहे: त्यास बहुतेक सर्व बाजू एकदम दिसतात, परंतु मनुष्याइतकें रेखीव दिसत नाहीं.

चतुराच्या शेपटीस दोरा बांधून त्यास उडविण्याचा खेळ मुलें खेळतात. त्यापेक्षां त्याचा डोळा दुरूनच न्याहाळावा. जो जीव आपण खेळणें मानला, त्याच्याजवळ शिकण्याजोगें पुष्कळ आहे.