वॉर्निंग सोडून देऊ नकोस

खर्डा, ता. जामखेड

चि. बाळ यास,


कॉलेजचा डीएनएस सर्व्हर तुझ्याकडे सोपवला, हे वाचून फार बरं वाटलं. पण 'लॉगमध्ये वॉर्निंग येतात, साइट तर उघडते, म्हणून सोडून दिल्या' हे काही मला पटलं नाही.

सेकंडरी सर्व्हरचंच बघ. प्रायमरीशी त्याचा संपर्क तुटला तरी तो तेवढं लॉगमध्ये लिहितो आणि जुनी उत्तरं देत राहतो. एसओए नोंदीतली 'एक्स्पायर'ची मुदत संपली की मात्र त्या झोनची उत्तरं देणंच बंद करतो. १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्ये ही मुदत दोन ते चार आठवडे ठेवायला सांगितली आहे. म्हणजे आज दुर्लक्ष केलेली वॉर्निंग ऐन प्रवेशाच्या गर्दीत अंगावर येऊ शकते. म्हणून दोन्ही सर्व्हरना डिग कमांडने थेट विचार आणि झोनचा सिरीयल नंबर ताडून बघ. सेकंडरीचा आकडा मागे असेल, तर फायरवॉलने ५३ नंबरचा टीसीपी पोर्ट अडवला आहे का ते तपास. बरेच जण नुसता यूडीपी उघडतात, पण अख्खा झोन टीसीपीवरून येतो. आणि प्रायमरीवर नोंद बदलून सिरीयल वाढवायचा राहिला, तर दोन्हीकडे आकडा एकच, नोंदी मात्र वेगळ्या. माझ्या मते सगळ्यात फसवी चूक हीच.

एरर वाचतानाही घाई नको. सर्व्हरवरचा बाइंड प्रोग्रॅम म्हणतो, एनएसला पत्त्याची नोंद नाही, आणि झोन लोड करत नाही. लगेच पत्ता घालायला धावू नकोस. पुष्कळदा नावाच्या शेवटचं टिंब लिहायचं राहिलेलं असतं, त्यामुळे त्या नावाला झोनचं नाव पुन्हा चिकटतं. म्हणून रीलोडच्या आधी नेमड-चेकझोन चालवायचाच.

आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. तसाच जुना पत्ता टीटीएल संपेपर्यंत इतरांच्या कॅशमध्ये राहतो. मोबाइलवर जुनं उत्तर दिसलं म्हणून बरोबर असलेली फाइल पुन्हा उचकू नकोस. पत्ता बदलायचा ठरला की ८६४०० सेकंदांचा टीटीएल किमान एक दिवस आधी ३०० वर आण.

आज रात्री दोन्ही सर्व्हरचे सिरीयल बघ आणि लॉगमधल्या त्या वॉर्निंग जशाच्या तशा मला पाठव.

तुझा,
काका