मिरर डिस्कचा सर्व्हर: जागा हात राखून द्या, क्रम चुकवू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत कमांड दाखवल्या आहेत, त्या स्क्रीनवर बघूनच टाइप करा. त्यांच्यामागचा हिशेब इथे समजून घेऊ.

समजा, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात तुमचा हळद खरेदीचा व्यवसाय आहे. वजनाच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मालाचे फोटो, सगळं ऑफिसातल्या एका लिनक्स सर्व्हरवर आहे. ऐन हंगामात, बीट चालू असताना मेसेज येतो: डिस्क फुल! पट्टी निघेना, शेतकरी काउंटरवर ताटकळलेला. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "फोटोंची जागा कापून हिशेबाला देऊ." थांबा. घाईत डेटा जातो तो इथेच.

आधी रचना बघा, खालून वर

१. दोन डिस्क, प्रत्येकी २ टीबी. मिररमुळे दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणून वापरायला ४ नाही, २ टीबीच मिळतात. (सर्व्हर ते साधारण १.८ दाखवतो. घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)
२. मिररवर व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे अख्खं गोदाम.
३. त्यात लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे सरकत्या फळ्यांचे कप्पे.
४. कप्प्यात फाइल सिस्टीम, म्हणजे कोणता कट्टा कुठे ठेवलाय याची नोंदवही.

वाढवताना खालून वर

आधी बॅकअप घ्या. मग मिररची तब्येत तपासा: स्थितीच्या ओळीत दोन 'यू' शेजारी हवेत. एकाच्या जागी आडवी रेघ दिसली तर एक डिस्क बाहेर पडली आहे. आधी ती बदला. त्यानंतर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा किती ते बघा. असेल तर 'एलव्हीएक्स्टेंड' कमांडला 'आर' हा पर्याय जोडून कप्पा वाढवा. 'आर' विसरलात तर फळी सरकते, पण नोंदवहीला पत्ता नसतो आणि डिस्क फुलच दिसते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस दोन्ही चालू कामात वाढवता येतात, दुकान बंद ठेवायची गरज नाही.

ग्रुपमध्येच जागा नसेल तर मोठ्या डिस्क घ्या. एक बदला, मिरर पूर्ण जुळू द्या, मगच दुसरी. बूटलोडर दोन्ही नव्या डिस्कवर टाका. मग आधी मिरर, नंतर फिजिकल व्हॉल्यूम, शेवटी कप्पा वाढवा.

कमी करताना वरून खाली

इथे क्रम उलटा. आधी फाइल सिस्टीम लहान करायची, मगच कप्पा. फळी आधी सरकवली तर पलीकडे राहिलेला माल नोंदवहीत असतो, हाताला लागत नाही. ईएक्सटी४ लहान करायला कप्पा अनमाउंट करावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ काम बंद. एक्सएफएस तर लहान होतच नाही. डेटा बाहेर काढा, कप्पा नव्याने बनवा, परत भरा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

एक डिस्क मेली तर मिरर वाचवतो. पण चुकीची कमांड तो तितक्याच इमानदारीने दोन्ही डिस्कवर लिहितो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुकानाबाहेर ठेवा. आणि त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

धंद्यात आपण सगळं भांडवल पहिल्याच दिवशी मालात अडकवत नाही ना? इथेही तसंच. पहिल्या दिवशी सगळी जागा वाटू नका, ग्रुपमध्ये हात राखून ठेवा. वाढवणं काही मिनिटांचं काम आहे, कमी करणं जोखमीचं.

गृहपाठ: आजच वहीत तीन गोष्टी लिहा: ग्रुपमध्ये मोकळी जागा किती, मिररच्या दोन्ही डिस्क चालू आहेत का, आणि शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला. तिसऱ्याचं उत्तर आठवत नसेल तर आजचं पहिलं काम तेच!