पहिली गिटार कशी पारखावी ?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांस गिटार शिकण्याची हौस फार लागली आहे. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु दिवाळींत कौतुकानें घरीं आणलेली गिटार होळीपर्यंत भिंतीवर टांगली जाते, असेंही पुष्कळ घरीं दृष्टीस पडतें. अशा वेळीं ‘याला कशाचीच चिकाटी नाहीं’ असें वडील म्हणतात, आणि हळूहळू मुलासही तें खरें वाटूं लागतें. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण खोटी नव्हे. परंतु कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें. ज्या वाद्याच्या तारा दाबतां दाबतां बोटें सुजतात, व जें जाणत्यासही सुरांत लावतां येत नाहीं, तें मुलाच्या हातीं देऊन त्याच्या चिकाटीची परीक्षा पाहणें न्यायाचें नव्हे. म्हणून थोडक्या पैशांत पहिलें वाद्य कसें घ्यावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विजेवांचून वाजणारी गिटार मुख्यत्वें दोन प्रकारची असते. नायलॉनच्या तारांची ती क्लासिकल गिटार. तिला हल्लींचा घाट स्पेन देशांतील आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिरानें दिला. दुसरी पोलादी तारांची. जर्मनींतून १८३३ सालीं अमेरिकेस गेलेल्या सी. एफ. मार्टिन याच्या घराण्याच्या कारखान्यानें १९१६ सालीं ‘ड्रेडनॉट’ नांवाचा मोठ्या पोटाचा घाट तयार केला; दुकानांत दिसणाऱ्या पुष्कळ गिटारी त्याच वळणाच्या असतात. पोलादी तारांचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून कोंवळ्या बोटांस नायलॉनच सोसतें. मात्र क्लासिकल गिटारीची दांडी वरच्या टोंकाशीं सुमारें ५२ मिलिमीटर रुंद असते, तर पोलादी तारांच्या गिटारीची सुमारें ४३. त्यामुळें बोटें अधिक ताणावीं लागतात. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलास नायलॉनची गिटार द्यावी; त्याहून मोठ्या मुलास गाण्याच्या साथीचीच आवड असेल तर बारीक पोलादी तारांची चालेल. परंतु नायलॉनसाठीं बनविलेल्या गिटारीवर पोलादी तारा कधींही चढवूं नयेत. त्या ताणानें घोडी उखडते, अथवा दांडी वांकते.

आतां मापाविषयीं. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे व ती काटकसरीचीच आहे. वाद्यास मात्र हा नियम लावूं नये. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारीची वाजती तार सामान्यतः ६५० मिलिमीटर लांब असते. ‘पाऊण’ व ‘अर्धी’ अशीं लहान मापेंही मिळतात. हीं नांवें शब्दशः घ्यावयाचीं नाहींत. एका प्रसिद्ध कंपनीच्या पाऊण गिटारीची तार ५८० व अर्ध्या गिटारीची ५३५ मिलिमीटर असते. वयापेक्षां मुलाचें बसणें पाहावें. गिटार मांडीवर घेतली असतां उजवा खांदा वर उचलला जात नसेल आणि डावा हात कोंपरांत वांकलेला राहून पहिल्या पडद्यापर्यंत सहज पोंचत असेल, तर माप बरोबर आहे असें समजावें.

दुकानांत जातांना कंपासपेटींतील पट्टी बरोबर न्यावी व पुढील चार परीक्षा कराव्या.

पहिली, तारांची उंची. बाराव्या पडद्यापाशीं सर्वांत जाड तार पडद्यापासून किती उंच आहे तें मोजावें. पोलादी तारेस सुमारें अडीच व नायलॉनच्या तारेस सुमारें चार मिलिमीटर पुरेत. याहून पुष्कळ अधिक उंची असेल तर बोटें दुखणारच.

दुसरी, दांडी. बाणाचा नेम धरावा तशी एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकावी. किंचित् अंतर्वक्रता चालते. पीळ पडलेला मात्र मुळींच चालत नाहीं.

तिसरी, सुरांचा खरेपणा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्याशीं असतो. विज्ञानाच्या तासास शिकविलेला नियम येथें उपयोगी पडतो : तार अर्धी केली कीं कंपनें दुप्पट होतात. पांचवी तार मोकळी असतां सेकंदास ११० कंपनें होत असतील, तर बाराव्या पडद्यावर ती २२० व्हावीं, म्हणजे सा चा तार सा व्हावा. तो उतरलेला अथवा चढलेला लागला, तर तें वाद्य कितीही लावलें तरी बेसूरच राहील.

चौथी, जोडकाम. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खरखर होते काय, तें ऐकावें. खुंट्या न अडकतां फिराव्या. घोडी व फळी यांच्या फटींत कागदाचा तुकडा शिरत असेल, तर ती गिटार परत ठेवावी.

किंमतीचें म्हणाल तर, दोन-तीन हजार रुपयांपासून गिटारी मिळतात. त्यांतही बरी निघते, पण पारख अधिक लागते. दहा हजारांच्या आसपास यामाहाच्या सी ४० व एफ ३१० या सर्वपरिचित गिटारी येतात. त्या पूर्ण मापाच्या वर्गांतल्या असून पहिली नायलॉनची व दुसरी पोलादी तारांची आहे. नवशिक्यास अखंड लांकडाच्या फळीची गरज नाहीं. थर चिकटवून केलेली फळी आपल्या पावसाळ्यांत अधिक टिकते. चकाकी, रंग व वीजजोडणी यांवर पैसा घालूं नये. वांचलेल्या पैशांतून पिशवी, तारांचा जादा संच व कारागिराकडून एकदां दुरुस्ती करवून घ्यावी. सूर लावण्याचें साधन तर मोबाइलवर फुकट मिळतें. जाणता माणूस बरोबर असेल तर जुनी गिटारही उत्तम. मुंबई-गोव्याकडे पाश्चात्य वाद्यांची जुनी परंपरा आहे; मुंबईची फुर्टाडो यांची पेढी १८६५ सालची आहे. अशा जाणत्या ठिकाणीं प्रत्यक्ष हातीं घेऊनच गिटार घ्यावी. केवळ चित्र पाहून मागवूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, चांगल्या गिटारीवरही पहिले दोन-तीन आठवडे बोटें हुळहुळतील. त्यास भिऊं नये. आठवड्यांतून एकदां दोन तास बसण्यापेक्षां रोज पंधरा मिनिटें बसणें बरें, आणि रोज आधीं तारा सुरांत लावाव्या. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, ऐपतीप्रमाणें साधीच गिटार घ्या, पण पारखून घ्या. अंगण सरळ करून देणें वडिलांचें काम आहे. मग नाचण्याचे कष्ट मुलानें आनंदानें करावे.