कळफलकाची नोंदवही : डेस्कटॉपवरील क्रियांची नोंद आणि पुनरावर्तन

कार्यालयात संगणक आला म्हणजे कागद कमी होतो. पण पुनरावृत्ती कमी होतेच असे नाही. बँकेतील कर्मचारी एकाच नमुन्याचा अर्ज दिवसभर भरत राहतो. सॉफ्टवेअर कंपनीतील परीक्षक प्रत्येक नव्या आवृत्तीवर त्याच कृती पुन्हा करून पाहतो. हे काम संगणकाकडेच सोपवण्याचा एक मार्ग म्हणजे वापरकर्त्याने कळफलक व माऊस यांच्या साहाय्याने केलेल्या क्रियांची नोंद करणे आणि ती नोंद हवी तेव्हा पुन्हा चालवणे. सॉफ्टवेअरची चाचणी, कार्यालयीन स्वयंचलन आणि कर्मचाऱ्यांवरील संगणकीय देखरेख या तिन्हींच्या मुळाशी हे तंत्र आहे. म्हणूनच विज्ञान व तंत्रज्ञान, रोजगार आणि मूलभूत हक्क या तिन्ही घटकांच्या अभ्यासात ते उपयुक्त ठरते.

नोंद कशी होते?

कळ दाबली की कळफलक त्या कळेचा सांकेतिक क्रमांक संगणकाकडे पाठवतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्याचे एका संदेशात रूपांतर करते व तो संदेश रांगेतून संबंधित प्रोग्रामपर्यंत पोहोचवते. अशा प्रत्येक संदेशामागील घडामोडीला ‘इव्हेंट’ म्हणतात. कळ दाबणे हा एक इव्हेंट आणि ती सोडणे हा दुसरा. त्यामुळे शिफ्ट कळ धरून एक मोठे रोमन अक्षर उमटवण्यासाठी चार इव्हेंट घडतात.

नोंद करणारा प्रोग्राम या रांगेच्या वाटेवर बसतो. विंडोजमधील जुन्या नोंदयंत्रणेत प्रत्येक इव्हेंटबरोबर संदेशाचा प्रकार, त्याचे दोन तपशील, वेळ आणि संबंधित खिडकीची ओळख अशा पाच बाबी साठवल्या जात. पुनरावर्तनाच्या वेळी हेच इव्हेंट त्याच क्रमाने कृत्रिमरीत्या रांगेत सोडले जातात आणि प्रोग्रामला समोर माणूस बसला आहे असेच वाटते. विंडोज ३.० (१९९०) आणि ३.१ (१९९२) यांच्यासोबत ‘रेकॉर्डर’ नावाचा छोटा प्रोग्राम याच कामासाठी मिळत असे. विंडोज ९५ मध्ये तो वगळण्यात आला.

स्थान नोंदवावे की अर्थ?

या तंत्रातील कळीचा प्रश्न नेमके काय नोंदवावे हा आहे. ‘पडद्यावर डावीकडून ४०० व वरून ३०० बिंदूंवर माऊस दाबला’ अशी नोंद सर्वांत सोपी. परंतु खिडकी थोडी सरकली, पडद्याचे आकारमान बदलले किंवा मध्येच एखादी सूचना झळकली, की तीच नोंद भलत्याच बटणावर जाऊन पडते. वेळेचेही तसेच आहे. नोंद करताना दोन सेकंदांत उघडलेली खिडकी पुढच्या वेळी पाच सेकंद घेते आणि मधल्या काळातील कळा वाया जातात.

मराठीतील एक उदाहरण पाहू. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘स्त्री’ हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची वेलांटी अशा सहा कळांनी तयार होतो. केवळ या कळांचीच नोंद केली आणि पुनरावर्तनाच्या वेळी कळफलक इंग्रजीवर असला, तर पडद्यावर एम, डी, एल, डी, जे, आर ही रोमन अक्षरे उमटतात. बोटांची हालचाल तंतोतंत तीच असते, मात्र तिचा अर्थ हरवतो.

यावरील उपाय म्हणजे अर्थाची नोंद करणे. ‘अमुक बिंदूवर दाबले’ याऐवजी ‘जतन करा या बटणावर दाबले’ आणि ‘नाव या रकान्यात स्त्री हा मजकूर भरला’ असे लिहून ठेवावे. बटण मग पडद्यावर कोठेही असो, ते त्याच्या नावाने किंवा गुणधर्मांवरून शोधता येते. तसेच ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी खिडकी उघडेपर्यंत थांबावे, अशी सूचना देता येते.

बंगळुरूतील साधने

बंगळुरूतील उद्योगाने या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले. तेथील जॅलियन सिस्टिम्स या कंपनीने विकसित केलेले ‘मॅरेथॉन’ हे साधन जावा भाषेतील डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी वापरले जाते. परीक्षक सॉफ्टवेअर हाताळत असताना मॅरेथॉन त्याच्या कृती पायथन किंवा रूबी भाषेतील वाचनीय ओळींत लिहून काढते. कोणत्या रकान्यात काय निवडले आणि कोणते बटण दाबले, हे त्या ओळींवरून कळते. त्यामुळे नोंद माणसाला वाचता येते, दुरुस्त करता येते आणि नव्या आवृत्तीसाठी जपता येते. बंगळुरूच्याच टायटो सॉफ्टवेअरचे ‘साही’ हे साधन वेब ब्राउझरमधील व्यवहारांची अशी नोंद करण्यासाठी ओळखले जाते.

चाचणीसाठी आणखी एक अट आवश्यक असते. १०,००० रुपयांच्या ठेवीवर ८ टक्के दराने एका वर्षाचे सरळ व्याज ८०० रुपये होते. सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे पडद्यावर ८० रुपये दिसले, तरी केवळ क्रियांचे पुनरावर्तन विनातक्रार पूर्ण होईल. ‘येथे ८०० दिसले पाहिजेत’ अशी तपासणी नोंदीत घातली, तरच चूक पकडली जाते. मॅरेथॉनमध्ये नोंद सुरू असतानाच अशा तपासण्या घालता येतात. अपेक्षित उत्तर काय, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

चाचणीकडून कार्यालयाकडे

पुढे हेच तंत्र ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ या नावाने कार्यालयांत आले. यात लोखंडी यंत्रमानव नसतो. एक प्रोग्राम माणसाप्रमाणे खिडक्या उघडतो, एका ठिकाणची माहिती दुसरीकडे भरतो आणि पावती जतन करतो. जुनी प्रणाली न बदलता स्वयंचलन साधता येते, हा त्याचा मोठा लाभ. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. तिची उपकंपनी एजव्हर्व्ह ‘असिस्टएज’ या नावाने अशी साधने पुरवते. कर्मचाऱ्यांच्या डेस्कटॉपवरील कृती टिपून कामाच्या प्रक्रियेचा नकाशा तयार करण्याची सोयही त्यांत आहे.

रोजगारावरील परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०१६-१७ या वर्षात विविध प्रकारच्या स्वयंचलनामुळे सुमारे ११,००० कर्मचाऱ्यांच्या कामाइतके मनुष्यबळ मोकळे झाल्याचे इन्फोसिसने २०१७ मध्ये सांगितले होते. केवळ माहिती भरण्याचे कौशल्य असलेल्यांना या बदलाची झळ प्रथम बसते. अपेक्षित निकाल ठरवणे, अपवाद ओळखणे आणि नोंद दुरुस्त करणे ही कौशल्ये मात्र अधिक मोलाची ठरतात. म्हणून कौशल्य विकासाच्या कार्यक्रमांत टंकलेखनाबरोबर चाचणी व प्रक्रिया-विश्लेषण यांनाही स्थान हवे.

सुरक्षितता आणि कायदा

जी नोंद काम वाचवते, तीच पासवर्डही टिपू शकते. वापरकर्त्याच्या नकळत कळांची नोंद करणाऱ्या प्रोग्रामला ‘की-लॉगर’ म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमनेही त्यामुळे बंधने वाढवली. विंडोज व्हिस्टापासून (२००७) कमी अधिकार असलेला प्रोग्राम जास्त अधिकार असलेल्या प्रोग्रामकडे कृत्रिम इव्हेंट पाठवू शकत नाही. नोंद व पुनरावर्तनाची जुनी विंडोज यंत्रणा विंडोज ११ पासून असमर्थित ठरवण्यात आली आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी मध्ये ‘सी’ हे रोमन वर्णक्रमातील तिसरे अक्षर आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाले. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरल्यास त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खासगीपणाच्या हक्काचा प्रश्नही बंगळुरूशी जोडलेला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये रोजगाराच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय माहितीवर प्रक्रिया करण्याची मुभा आहे. डेस्कटॉपवरील प्रत्येक कळेची नोंद या मुभेत कितपत बसते, हा येत्या काळात महत्त्वाचा ठरणारा प्रश्न आहे.

समारोप

हालचाल टिपणे संगणकाला सोपे आहे. त्या हालचालीचा हेतू आणि अपेक्षित निकाल नोंदीत आणणे हे माणसाचे काम आहे. चांगल्या नोंदीच्या तीन कसोट्या सांगता येतील : तिच्यात कृतीचा अर्थ असावा, निकालाची तपासणी असावी आणि ज्याच्या कृती टिपल्या जातात त्याला त्याची माहिती असावी. पहिल्या दोन कसोट्या अभियंत्यांच्या हाती आहेत. तिसरीची जबाबदारी मालक, कायदा आणि जागरूक नागरिक या सर्वांवर येते.