जामठ्याहून डावीकडे

बुटीबोरीच्या माणसाला पचमढी गाठायची तर नागपूर आडवं येतं. मे महिन्यातली सुट्टी असो की श्रावणातली नागद्वारची यात्रा, ओढा तिकडेच. पूर्वी वर्धा रोडने शहरात शिरून कोराडीकडे निघेपर्यंत पोरं भुकेने रडायला लागत. आता जामठ्याला डावीकडे बाह्य रिंग रोड धरायचा आणि हिंगणा, अमरावती, काटोल हे रस्ते ओलांडत छिंदवाडा रोडला लागायचं. अंतर कमी होत नाही, डोक्याचा ताप मात्र कमी होतो. तोही काही गोष्टी सांभाळल्या तरच.

1. मुहूर्त शिफ्टचा बघा. सकाळी सातच्या आगेमागे एमआयडीसीत कंपन्यांच्या बसेस, दुचाक्या आणि रात्रपाळीहून सुटलेले, डोळे जड झालेले लोक एकाच वेळी रस्त्यावर असतात. दुपारी तीनला तेच. बुटीबोरी चौकावरचा उड्डाणपूल डिसेंबर 2024 मध्ये तडे गेल्यामुळे बंद करावा लागला, तेव्हा तर या गर्दीत सुट्टीचा उत्साह चौकातच संपायचा. पाचला निघावं. आवरायला उशीर होणारच असेल, तर सरळ नऊला निघावं. मधली वेळ वाईट.

2. मोबाइलला नुसतं ‘पचमढी’ सांगून मोकळे होऊ नका. नागपूरला रिंग रोड दोन. आतला सिग्नल, ऑटो आणि भाजीच्या हातगाड्यांचा. वाटेतला थांबा म्हणून काटोल रोडवरचं फेटरी टाकलं, की नकाशा बाहेरूनच नेतो.

3. हा बाहेरचा रस्ता आधी ट्रकचा, मग तुमचा. दक्षिणेकडून 44 नंबरच्या महामार्गाने आलेला माल इथूनच अमरावतीकडे वळतो. हे ट्रक उजवी लेन सोडत नाहीत म्हणून आपण चिडतो. पण त्यांच्या केबिनमधून डावीकडे बघा: कडेला उभा कंटेनर, कडब्याचा ट्रॅक्टर, आणि पुढचा कट लांब म्हणून उलट दिशेने निवांत येणारा मोटारसायकलवाला. त्या ड्रायव्हरभाऊंनी निवडलेली लेन नियमात बसत नाही, पण अकलेत बसते. म्हणून डावीकडून ओव्हरटेक करताना पुढे शंभर-दीडशे मीटर रिकामं दिसल्याशिवाय शिरू नये. हॉर्नपेक्षा डिपर बरा.

इंडिकेटरचं तर वेगळंच. ट्रकचा दिवा लुकलुकतो तेव्हा तो वळतोय, की ‘जा पुढे’ म्हणतोय? दोन्ही अर्थ चालतात. मी दिव्याकडे बघतच नाही, पुढच्या चाकाकडे बघतो. चाक खोटं बोलत नाही.

4. समृद्धीवरून उतरलेल्या गाडीपासून लांब राहा. शिवमडक्याला तो महामार्ग सुरू होतो, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्यांचा तिथे संपतो. मोटारींना तिथे ताशी 120 ची मुभा. तासन् तास त्या वेगात राहिलेल्या माणसाला ऐंशी म्हणजे रांगणं वाटतं. शिवाय समृद्धीवर दुचाकींना बंदी, त्यामुळे इथे अचानक समोर आलेली मोपेड त्याच्या हिशेबातच नसते.

5. फाटा चुकला तर चुकला. पुढच्या चौकातून वळा. काटोल रोडवरूनही छिंदवाडा रोडवरच्या सावनेरकडे जाता येतं, वाटेत संत्र्याच्या बागा दिसतील. रिव्हर्स घेणाऱ्याला माझ्या गाडीत पुन्हा स्टेअरिंग मिळत नाही, मग तो सख्खा साळा का असेना.

6. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा भरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात आणि खाली सिमेंटचा रस्ता. चालून टायर तापला की आतला दाब वाढतोच. ते बघून वाटेत हवा कमी करणारे महाभाग भेटतात. उलटं होतं: कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि अधिक तापतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी अशा जुन्या टायरवर घाट चढू नये. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट आहेच.

7. फास्टॅगमध्ये पैसे, डोक्यात 1033. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर हा नंबर. ऑगस्ट 2025 मध्ये तीन हजारांना वार्षिक पास निघाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांपुरता. समृद्धीवर दाखवून हुज्जत घालू नये.

8. रिंग रोडवर खाणं काढायचं नाही. हा नियम आमच्या घरी सगळ्यांत जास्त मोडला जातो. चिवड्याचा डबा उघडला, की मागून आईचं ‘अरे, तू पण घे ना’ सुरू होतं, आणि एक हात स्टेअरिंगवरून सुटतो. आता डबा डिकीत तळाशी जातो. सावनेरला तर्री-पोहे खाऊ, एवढं आश्वासन पुरतं. तिथून भोपाळकडचा रस्ता वेगळा होतो, आपला छिंदवाड्याचा. पोहे झाले की चावी बायकोकडे. घाटात ती माझ्यापेक्षा बरी चालवते.