अंबा : गोड्या आणि खाऱ्या पाण्याची नदी

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गंगा-गोदावरी येतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील अंबा नदीला भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात एखादी ओळ मिळाली तर मिळते. परंतु कोकणची नदी म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. प्रस्तुत लेखात तिचा थोडक्यात परिचय करून देण्याचा विचार आहे.

अंबेचा उगम बोरघाटाच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या उतारावर होतो. तेथून ती जांभूळपाडा, पाली असा दक्षिणेकडे प्रवास करते, पुढे वळण घेऊन नागोठण्यास येते आणि वायव्येकडे वाहत धरमतरच्या खाडीतून रेवसजवळ समुद्रास मिळते. सह्याद्री व समुद्र यांतील अंतरच थोडे असल्यामुळे तिला लांबी नाही. आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली काळा कातळ आणि वर तीव्र उतार. मग पाणी मुरणार कोठे? म्हणूनच आषाढात जी नदी काठ ओलांडून धावते, तिच्याच वरच्या पात्रात वैशाखात खडक उघडे पडतात आणि पाणी डोहांपुरते उरते. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या महापुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडविला व अनेकांचे प्राण घेतले. लहान नदी म्हणून तिला कमी लेखणे किती घातक आहे, हे त्या पुराने शिकविले.

हा झाला नदीचा वरचा अर्धा भाग. तो पावसाचा आहे. खालचा अर्धा भाग मात्र समुद्राचा आहे. नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी चढत असे. भरतीबरोबर गलबते वर येत आणि ओहोटीबरोबर परतत. नागोठणे हे बंदर झाले ते यामुळेच. पालीच्या परिसरातील ठाणाळे व खडसांबळे येथील बौद्ध लेणी पाहिली, की घाटवाटांनी देशाशी चालणारी रहदारी किती जुनी होती याची कल्पना येते. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने १५८० च्या सुमारास नागोठण्यास बांधलेला दगडी पूलही याच रहदारीची साक्ष देतो. आज तेथे बंधारा घालून गोडे पाणी अडविलेले आहे. गोड्या-खाऱ्याची सीमा आता माणसाने आखली आहे.

नागोठण्याखाली मात्र ही सीमा शेतकऱ्याने शेकडो वर्षे स्वतःच्या हातांनी राखली आहे. तो भाग म्हणजे खारेपाट. गेल्या उन्हाळ्यात मी धरमतरच्या बाजूला या खारबांधांवरून हिंडले. एका अंगाला कांदळवन आणि चिखल, दुसऱ्या अंगाला भाताची शेते. मध्ये मातीचा एक बांध, एवढेच. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला तिची झडप मिटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला एखादी खांड पडली आणि ती वेळेवर बुजविली नाही, तर खारे पाणी आत शिरते व जमीन पुढील काही वर्षे पिकत नाही. हॉलंडमधील शेतकऱ्यांनी समुद्र हटविल्याच्या कथा आपण कौतुकाने वाचतो. तेच काम आपल्या जिल्ह्यात, गाजावाजा न होता, झाले आहे.

या जमिनीचा इतिहास केवळ मातीचा नाही. जमीन समुद्रातून काढणारा आणि पिकाचा धनी निराळा, या अन्यायाविरुद्ध चरी येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. शेते ओसाड राहिली, पण शेतकरी वाकले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला.

कायदा झाला, तरी बांध रोजच्या देखभालीवाचून टिकत नाही. पूर्वी उधाण आले की गाव फावडी-घमेली घेऊन बांधावर जमे. आता तरुण मंडळी कारखान्यात वा मुंबईस जातात, आणि खांड पडली तर सरकारी दुरुस्तीची वाट पाहावी लागते. तोवर भाताच्या जागी कांदळ उगवते. माझ्या मते अंबेच्या काठचा खरा वारसा जसा लेण्यांत आणि पुलात आहे, तसाच तो या बांधाच्या ज्ञानातही आहे. दगडी पूल आपोआप उभा राहील. मातीचा बांध राहणार नाही.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी खारेपाटातून येतात. त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून बांधांची व उघाड्यांची नावे, खांडी पडल्याची वर्षे आणि त्या बुजविण्याची रीत लिहून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. हा अभ्यास कोणत्याही ग्रंथालयात तयार मिळणार नाही. तो आपणच केला पाहिजे, आणि तो सांगणारी माणसे आहेत तोवरच केला पाहिजे.