वडीलधाऱ्यांचा जबाब लिहिताना

हबक्कूक संदेष्ट्याला दर्शन स्पष्ट लिहून ठेवायला सांगितले होते (2:2). वनहक्काचा दावा लिहून देतानाही हीच शिस्त लागते.

2006 च्या कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाचा कब्जा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असावा लागतो. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरला जातो. सोबत आणखी एक पुरावा हवा.

म्हणून "फार वर्षांपासून कसतात" असे मोघम लिहू नका. कोण, कुठे, काय पिकवते, कधीपासून, आणि सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक, हे विचारा. आजीला साल आठवत नसेल, तर तिच्या थोरल्याच्या जन्मावरून अंदाज घ्या व तो अंदाज आहे असेच लिहा. शेवटी तिच्या बोलीत वाचून दाखवा. तिला पटल्यावरच अंगठा घ्या. शब्द तिचे, जमीन शेजाऱ्याची. आपली फक्त लेखणी.